आधी स्काइव्हिंग मशीन शिका, पोस्टबेडला नंतर हात लावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका तरुणाचं चप्पल-सँडलचं छोटं युनिट आहे. वडील हातानं कोल्हापुरी करायचे, यानं त्याच्या जोडीला शिलाईच्या लेडीज सँडल सुरू केल्या. नऊ कारागीर आहेत. मशिनं जुनी घेतलेली: चामडं कापायची एक क्लिकिंग प्रेस, चामड्याची कड तासून पातळ करणारं एक स्काइव्हिंग, सपाट पाटाची दोन फ्लॅटबेड शिलाई मशिनं, उंच खांबावर शिवणारं एक पोस्टबेड आणि सोल दाबून चिकटवणारी एक सोल प्रेस. मेकॅनिक बाहेरगावाहून येतो, तो येईपर्यंत दोन-दोन दिवस काम अडतं. सध्या पोस्टबेड पट्ट्याच्या जोडावर टाका सोडतंय. मेकॅनिकनं दोनदा टायमिंग, म्हणजे सुई आणि हुकाचा मेळ, लावून दिलं, आठवड्याच्या आत पुन्हा तेच. देखभालीचं प्राथमिक काम स्वतः शिकता येईल का, सुरुवात कुठून करायची आणि त्यासाठी कोर्स करावा का, असं त्याला विचारायचंय.

शिकता येईल. फक्त पोस्टबेडपासून सुरुवात करू नका, ते उघडूही नका. आधी स्काइव्हिंग मशीनपाशी जा.

मी मुंबईत ठक्कर बाप्पा कॉलनीत उमेदवारी केली आणि गेली 32 वर्षं याच मशिनांमध्ये हात काळे करतोय. "शिलाई मशीन बिघडलंय" म्हणून ज्या कारखान्यांत मला बोलावलं, तिथल्या निम्म्याहून जास्त ठिकाणी शिलाई मशीन ठीक होतं. दुखणं दोन टेबलं अलीकडे असायचं. छोट्या युनिटमध्ये सगळ्यात दुर्लक्षित मशीन म्हणजे स्काइव्हिंग. ते बंद पडत नाही ना! भोथरं झालं तरी चामडं कसंबसं ओरबाडून पुढे देतं, म्हणून कोणी ओरडत नाही.

तुमच्या पट्ट्याचा हिशोब करून बघा. चामडं 1.4 मिलिमीटरचं धरा. कड दुमडायची असेल तर ती तासून साधारण निम्मी, म्हणजे 0.7 वर आणावी लागते. मग दुमडल्यावर जाडी पुन्हा 1.4 च राहते. पातं भोथरं असेल तर कड कुठे 0.7, कुठे 1.1 अशी निघते. अशा दोन दुमडी जोडावर एकमेकींवर आल्या, वर अस्तर आणि सोल्यूशनचा, म्हणजे चिकटवायच्या गोंदाचा, थर आला, की तिथे गाठच होते. पोस्टबेडचा चामडं दाबून धरणारा पाय त्या गाठीवर चढतो आणि सुई केसभर वाकते.

आता टाका कसा पडतो ते बघा. सुई तळाशी जाऊन सुमारे 2 मिलिमीटर वर येते तेव्हा दोऱ्याचा छोटा फास तयार होतो आणि खाली फिरणाऱ्या हुकाचं टोक त्या फासात शिरतं. सुई वाकली की फास बाजूला जातो, हुक रिकामा फिरतो, टाका सुटतो. मेकॅनिक काय करतो? हुक सुईच्या आणखी जवळ घेतो. त्या दिवशी जोड निघतो, सगळे खूश. पण हुक आणि सुईमध्ये जेमतेम 0.05 ते 0.1 मिलिमीटर मोकळीक ठेवायची असते. ती संपल्यावर दर जाड जोडाला सुई हुकाच्या टोकाला घासते, टोक बोथटतं, आणि मग साध्या जागीही टाके सुटायला लागतात. तुमचा "आठवड्यात पुन्हा तेच" हा प्रकार बहुतेक हाच असावा.

स्काइव्हिंगपासून सुरू करा म्हणण्याचं दुसरं कारण असं की पातं, रोलर, दाब, पट्टा, तेल, धूळ, जुळणी अशा देखभालीच्या सगळ्या गोष्टी त्या एका मशीनवर उघड्या डोळ्यांनी दिसतात. शिलाई मशीनमध्ये त्याच गोष्टी झाकणाखाली असतात.

पहिले आठ दिवस काहीही सोडवू नका, कसूही नका. रोज सकाळी तासलेल्या कडेचा एक तुकडा आणि खाली पडलेली पट्टी उचलून उजेडात धरा. धारदार पात्याची पट्टी अखंड, एकसारख्या जाडीची निघते आणि कापलेला भाग गुळगुळीत लागतो. भोथऱ्या पात्याची पट्टी तुटक, चुरगळलेली असते, कडेला लाटा येतात, कधी जळका वास येतो. परीक्षा घ्यायचीच तर मऊ अस्तराचं चामडं घाला. टणक चामडं भोथऱ्या पात्यालाही थोडंफार जमून जातं, मऊ अस्तर मात्र लगेच चावल्यासारखं गोळा होतं. तुकड्यांवर तारीख टाकून दोऱ्यात ओवून ठेवा. पंधरा दिवसांनी त्या माळेकडे बघितलंत तर पातं कोणत्या दिवशी उतरायला लागलं ते तुम्हाला कोणी सांगावं लागणार नाही.

मग साफसफाई. मेन स्विच बंद करा आणि थांबा, कारण बेल नाइफ, म्हणजे ते घंटेच्या आकाराचं गोल पातं, स्विच बंद केल्यावरही बराच वेळ फिरत राहतं. आवाज येत नाही म्हणून लोक बोट घालतात. पातं पूर्ण थांबल्याचं डोळ्यांनी बघितल्याशिवाय हात पुढे न्यायचा नाही. घंटेच्या आतल्या पोकळीत चामड्याचा भुसा दाबून बसतो, तो लाकडी काडीनं आणि ब्रशनं काढा. चामडं पुढे ओढणारा रोलर दगडी असेल तर त्याच्या खरखरीत अंगात भुसा आणि सोल्यूशन मुरून तो गुळगुळीत होतो. मग चामडं घसरतं, आणि कारागीर वैतागून मशीनच्या वरच्या पायाचा दाब वाढवतो. पितळी तारेचा ब्रश मारला की रोलर पुन्हा पकड घेतो. दाब वाढवायची गरजच नव्हती.

पात्याची कड आणि वरचा पाय यांत साधारण 0.3 ते 0.5 मिलिमीटर अंतर हवं. फिलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पत्त्यांचा जुडगा, घ्या, दीडदोनशे रुपयांत मिळतं. नसेल तोवर लग्नपत्रिकेचा जाड कागद घालून बघा. अंतर दोन्ही टोकांना सारखं पाहिजे. मशीन बंद ठेवून पातं हातानं, जाड कापडानं धरून, एक पूर्ण फेरा फिरवा. कुठेही पायाला लागता कामा नये.

धार लावायचा दगड मशीनमध्येच असतो आणि तो पात्याला आतून लागतो. दगड हलकेच टेकवायचा, बारीक आणि एकसारखी ठिणगी दिसली की पाच-दहा सेकंदांत मागे घ्यायचा. ठिणगी थांबून थांबून येत असेल तर पातं वाकडं फिरतंय किंवा सैल आहे, तिथे धार लावत बसू नका, मेकॅनिकला दाखवा. धार लावल्यावर कडेला बाहेरून बर, म्हणजे धातूची बारीक खरखरीत कड, येतो, तो हातातल्या बारीक दगडानं अलगद उतरवायचा. बर राहिला तर नवी धार असूनही चामडं फाटतं आणि लोक म्हणतात, दगडच खराब आहे. आणखी एक वाईट सवय खूप ठिकाणी बघितली: दगड दिवसभर टेकवूनच ठेवायचा, म्हणजे धार "आपोआप" लागत राहते. लागते खरी, पण वर्षभर चालणारं पातं काही महिन्यांत संपतं आणि झिजलेलं पातं पुढे सरकवायची आठवण राहिली नाही तर तासणी बिघडतेच.

धार लावण्याआधी भुसा काढलाच पाहिजे, आणि सोल्यूशनचा डबा त्या खोलीत उघडा नको. त्याच्या वाफा पेट घेतात. ठिणगी, कोरडा भुसा आणि वाफ एका टेबलावर आल्यावर काय होतं ते मी एका कारखान्यात बघितलंय. माणसं वाचली, माल गेला. डोळ्यांना चष्मा लावा.

एवढं महिनाभर केलंत की पोस्टबेडची अर्धी तक्रार कमी झालेली असेल. आता शिलाई मशीनकडे या, तेही वरवरच्या गोष्टींसाठी.

सुई सगळ्यात आधी. चामड्याच्या मशीनला बहुधा डीपी बाय फाइव्ह जातीची सुई लागते, तिची मूठ, म्हणजे मशीनमध्ये बसणारा वरचा भाग, 2 मिलिमीटर जाड असते. कपड्याच्या कारखान्यातल्या मशीनची डीबी बाय वन सुई दिसायला तशीच, लांबीलाही जवळपास तेवढीच, पण मूठ सुमारे 1.63 मिलिमीटर. ती चामड्याच्या मशीनमध्ये बसते, स्क्रू कसला जातो, मशीन चालतंही. फक्त सुई मधोमध उभी राहत नाही. एकदा साताऱ्याकडच्या एका कारखान्यात मी सहा तासांचा प्रवास करून पोचलो आणि दुखणं निघालं ते हेच. दुकानात नेहमीची पुडी नव्हती म्हणून पोऱ्यानं दुसरी आणली होती. तेव्हापासून मी फोनवर पहिला प्रश्न विचारतो: सुईच्या पुडीवर काय लिहिलंय ते वाचून दाखवा.

नंबर समजून घ्या. 100 नंबरची सुई 1 मिलिमीटर जाड, 90 ची 0.9, 110 ची 1.1. जुन्या पद्धतीत याच सुया 16, 14 आणि 18. दोरा सुईशी जुळतो की नाही ते असं बघा: वीतभर दोरा सुईत ओवून तिरका ताणून धरा, सुई आपल्या वजनानं घसरत खाली आली पाहिजे. अडकली तर दोरा जाड आहे किंवा सुई बारीक. चामड्याच्या सुईचं टोक कापणारं असतं, कापडाच्या सुईचं गोल. एलआर टोकाची सुई तिरपा, उठून दिसणारा टाका देते, पट्ट्याच्या वरच्या दर्शनी शिलाईला तीच बरी. एस टोकाची सुई शिलाईच्या रेषेत कापते, टाका सरळ पडतो. पण टाके फार जवळ घेतले तर चामडं वहीचं पान फाडावं तसं त्या रेषेत फाटतं. रेक्झिनला किंवा कापडी अस्तराला कापणारी सुई वापरू नका.

सुई बदलायची कधी? तुटल्यावर, असं उत्तर मिळतं. माझ्या मते रोज सकाळी एक नवी सुई, जुन्या सुईनं शिलाई नीट चालली असेल तरी. काचेच्या तुकड्यावर लोळवून बघितली की वाकलेली लगेच कळते. सुईला सोल्यूशन चिकटलेलं असेल तर फास तयार होत नाही आणि टाका सुटतो. तुमच्या जोडावरचं दुसरं कारण हेही असू शकतं. सोल्यूशन सुकायच्या आत पट्टे शिलाईला येतायत का, ते बघा.

बॉबिन केस, म्हणजे खालच्या दोऱ्याची डबी, दोऱ्याला धरून लोंबकळत सोडा. हात हलका झटकला की दोन-तीन बोटं खाली सरकून थांबली पाहिजे. सरसर खाली आली तर सैल, हललीच नाही तर घट्ट. ही ओढ आधी लावा, वरची नंतर. लोक उलट करतात, आणि मग दोन्ही स्क्रू दिवसभर फिरत राहतात. एका वेळी एकच स्क्रू, थोडासाच फिरवायचा, टाका बघायचा, मग पुढे.

तेल रोज, हुकावर एक-दोन थेंब, आणि त्यानंतर रद्दी चामड्यावर हातभर शिलाई मारायची, नाहीतर पहिला फिका पट्टा डागाळतो. तेल शिलाई मशीनचंच, पातळ आणि पांढरं. मशीनशेजारी खोबरेल तेलाची बाटली दिसली की मला घाम फुटतो. थंडीत सकाळी खोबरेल घट्ट होतं आणि हुकाच्या खोबणीत मेणासारखं बसतं. "डिसेंबरात मशीन जड चालतं" म्हणून मोटर बदललेले लोक मला माहीत आहेत.

उघडण्याबद्दल माझं एक दुःख सांगतो. उमेदवारीच्या दुसऱ्या वर्षी उस्ताद जेवायला गेले असताना मी एका मशीनचा हुक काढला. साफ केला, परत बसवला, स्क्रू कसले. खूण केलेली नव्हती. मशीननं तीन सुया तोडल्या. उस्ताद आले, बघितलं, काही बोलले नाहीत. "आता तूच लाव," एवढं म्हणून दुसऱ्या मशीनवर गेले. दीड दिवस लागला. आजही कुठलाही स्क्रू सैल करण्याआधी माझा हात मार्करकडे जातो. तुमच्याकडे तर मोबाइल आहे. चार बाजूंनी फोटो काढा, रंगानं रेघ मारा, आणि निघालेले स्क्रू ज्या क्रमानं निघाले त्याच क्रमानं अंड्याच्या ट्रेमध्ये ठेवा.

क्लिकिंग प्रेसबद्दल मी कडक बोलणार आहे. दोन्ही बटणं दोन हातांनी दाबल्याशिवाय प्रेसचा हात खाली येत नाही, ही सोय तुमची बोटं वाचवायला दिलेली आहे. उरकतं म्हणून एका बटणाला चिकटपट्टी किंवा काडी लावलेली दिसली तर मी त्या कारखान्यात काम करत नाही, आधी ती काढायला लावतो. तुमच्या प्रेसची बटणं आजच तपासा. एकट्या बटणावर प्रेस चालत असेल तर ती बंद ठेवा.

बाकी प्रेसची देखभाल सोपी आहे. डाय, म्हणजे चामडं कापायचे धारदार साचे, 19 मिलिमीटरची आणि 32 मिलिमीटरची अशा दोन्ही उंचीच्या वापरत असाल तर प्रेसचा हात किती खाली उतरतो ते दर बदलाला नव्यानं लावा. डाय खालच्या कापायच्या बोर्डात रुतत असेल तर दाब जास्त आहे. चामडं कापून बोर्डावर नुसती रेघ उमटावी. बोर्ड रोज फिरवा, आठवड्याला उलटा करा, नाहीतर मधोमध खड्डा पडतो, तिथलं चामडं कापलं जात नाही आणि कारागीर पुन्हा दाब वाढवतो. तेलाची काच रोज बघा. हायड्रॉलिक तेल दुधासारखं दिसलं तर पाणी शिरलंय. फेस येत असेल तर पंप हवा ओढतोय, बहुतेक वेळा तेल कमी असतं म्हणून. किती जाडीचं तेल, ते मशीनच्या पाटीवर असतं, 46 नंबर पुष्कळांना चालतं. शिलाईचं तेल इथे आणि इथलं तिथे, असं कधीच नाही.

एक गंमत सांगतो, कारण ती तुमच्याकडेही होईल. गावाच्या डीपीवर दुरुस्ती झाली, लाइट आली, आणि त्यानंतर प्रेस दाबच घेईना. मोटर छान फिरतेय, आवाज नेहमीचा, हात मात्र ढिम्म. मालक पंप बदलायला निघाले होते. तारा उलट-सुलट जोडल्या गेल्यानं मोटर उलटी फिरत होती. मोटरवर बाणाची खूण असते, ती बघायची आणि वायरमनकडून दोन फेज बदलून घ्यायच्या. पाच मिनिटांचं काम. याउलट मोटर नुसती हुंकारतेय आणि फिरत नाही, तर एक फेज गेलीय, त्याच क्षणी स्विच पाडा. दोन मिनिटं वाट बघितलीत तर वाइंडिंग जळतं. विजेच्या पेटीत तुम्ही स्वतः हात घालायचा नाही.

सोल प्रेसला हवेचं पाणी मारतं. आपल्याकडचा पावसाळा माहीतच आहे. जून ते सप्टेंबर कॉम्प्रेसरच्या टाकीचं पाणी सकाळी आणि संध्याकाळी सोडा, फिल्टरच्या वाटीतलंही. रबराचा पडदा महिन्यातून एकदा दिव्याखाली बघा, भेगा कडेपासून सुरू होतात. सोल उखडतात तेव्हा सगळे प्रेसचा दाब वाढवतात. सुकलेलं पीयू सोल्यूशन पुन्हा जिवंत, म्हणजे चिकट, व्हायला त्या थराचं तापमान साधारण 60 ते 70 अंशांपर्यंत जावं लागतं. हीटरचा काटा काय दाखवतो ते सोडा, सोल बाहेर काढल्याबरोबर इन्फ्रारेड थर्मामीटरनं सोल्यूशनचाच थर मोजा. तो 45 दाखवत असेल तर दाब कितीही वाढवा, चिकटणार नाही. पावसाळ्यात रविवारच्या सुट्टीआधी सुईची पट्टी, बॉबिन केस आणि प्रेसचे उघडे दांडे तेलाच्या फडक्यानं पुसून मशिनं झाकून ठेवा, सोमवारी तांबेरा दिसणार नाही.

कोर्सचं म्हणाल तर आग्रा आणि चेन्नईला सेंट्रल फुटवेअर ट्रेनिंग इन्स्टिट्यूट आहेत, 1986 पासून एफडीडीआय, म्हणजे फुटवेअर डिझाइन अँड डेव्हलपमेंट इन्स्टिट्यूट, आहे. चांगल्या संस्था आहेत. पण तुमच्या पोटाचं साधन चालू आहे, ते बंद ठेवून लांबचा कोर्स करू नका, असं माझं मत. त्याऐवजी जुनी मशिनं उघडून-जोडून विकणाऱ्याकडे पंधरा दिवस उभे राहा. चहा आणा, स्क्रू धुवा, बघा. आणि जवळपास कपड्याच्या शिलाई मशीनचा मेकॅनिक असेल तर त्याच्याकडून लॉकस्टिच, म्हणजे वरच्या आणि खालच्या दोऱ्याची गुंफण, समजून घ्या. हुक आणि सुईचं नातं तेच आहे.

तुमचा एक फायदा तुम्हाला दिसत नसेल. वडील हातानं चपला करायचे. 1883 मध्ये लास्टिंग मशीनचं, म्हणजे बुटाचा वरचा भाग (अप्पर) साच्यावर ओढून बसवणाऱ्या मशीनचं, पेटंट घेणारा यान मॅट्झेलिगर अमेरिकेत लिन गावच्या कारखान्यात मशीनवर कामाला होता आणि कारागीर बोटांनी अप्पर कसं ओढतात, ते बघून बघून त्यानं मशीन बनवलं. हातानं दिवसाला पन्नासेक जोड व्हायचे, त्या मशीनवर दीडशेहून कितीतरी जास्त. वडिलांना एकदा तुमच्या स्काइव्हिंगचा तुकडा दाखवा. रापीनं आयुष्यभर कड तासलेला माणूस पातं कुठे अडतंय, ते अंगठा फिरवून सांगेल.

आता पोस्टबेड. पातं नीट झालं, नवी सुई बसवली, सोल्यूशन सुकू दिलं, तरी जोडावर टाका सुटतोय, तर आधी साध्या सपाट चामड्यावर हातभर शिलाई मारा. तिथे एकही टाका सुटत नसेल तर सुई एक नंबर जाड करून जोडावर मशीन सावकाश घ्या. क्लच मोटर असेल तर या कामासाठी सर्वो मोटर बसवून घ्या, हळू चालवता येतं आणि वीजही कमी लागते. सपाट जागीही टाका सुटत असेल तर सुईपट्टी काढून हुकाच्या टोकावर टॉर्च मारा. टोक चकाकणारं, बोथट किंवा ओरखडलेलं दिसलं तर ते आता घासून नीट होणार नाही, हुक बदलावा लागेल. तेव्हा मेकॅनिकला बोलवा, आणि फोनवर "टायमिंग लावायला या" म्हणू नका, "हुक घेऊन या" म्हणा, मशीनचं मॉडेल आणि सुईची पुडी वाचून दाखवा. तो हुक बसवताना बाजूला उभे राहा. सुई किती वर आल्यावर तो टोक जुळवतो, ते पट्टीवर मोजून वहीत लिहून घ्या.